गोळी चुकते ती कोणामुळे?

आष्ट्याहून सांगलीचे सरकारी रुग्णालय वीस-बावीस किलोमीटरवर आहे. एचआयव्हीवरील औषधे सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत देण्यास प्रारंभ केला. २००६ च्या अखेरीस मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रमही आखला. तरीही वयात येणाऱ्या मुलांच्या गोळ्या चुकतात आणि त्याचे खापर त्यांच्या बेपर्वाईवर फोडले जाते. हे निदान वरवरचे आहे.

हे औषध विषाणूचा नायनाट करीत नाही. त्यास दाबून ठेवते. वारंवार खंड पडल्यास विषाणू पुन्हा बळावतो, औषधास दाद देईनासा होतो आणि उपचार निष्प्रभ ठरतो. गोळी रोज घेणारे मूल मात्र इतरांसारखेच शिकू-सवरू शकते.

पण ती घ्यावयाची कोठे? या मुलांपैकी बहुतेकांना संसर्ग आईकडून झालेला असतो. कित्येकांचे आईबाप हयात नसतात. आजी किंवा चुलते सांभाळ करतात. घरी पाहुणे आले की गोळ्यांची बाटली दडवली जाते; सहलीला वा लग्नघरी ती नेलीच जात नाही. लहानपणी ‘शक्तीची गोळी’ म्हणून केलेली बतावणी चौदाव्या वर्षी उघडी पडते आणि फसवले गेलेले मूल त्या गोळीवरच राग काढते. शालेय वयाच्या मुलांना त्यांच्या आकलनानुसार सत्य सांगावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच केली आहे.

मुलाला सत्य सांगणे म्हणजे गावाला सांगणे नव्हे. इतर पालकांनाही ते कळावयास हवे, असा युक्तिवाद केला जातो. परंतु एका बाकावर बसल्याने वा एका डब्यात जेवल्याने हा संसर्ग होत नाही. मग ही माहिती हवी कशासाठी? २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून असे गुपित फोडण्यास आणि शाळेत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे.

मात्र कायद्याची खरी कसोटी वर्गात लागते. औषधासाठी गैरहजर राहिलेल्या मुलास शिक्षकाने सर्वांदेखत कारण विचारू नये, कारकुनाने रजेच्या अर्जावर रोगाच्या नावाचा आग्रह धरू नये, सोबत्यांनी दप्तरातील गोळीची चौकशी करू नये. एवढे घडले, तर गोळी लपवावी लागणार नाही. आणि लपवावी न लागणारी गोळी सहसा चुकत नाही.