पितरांचीं नांवें व पितरांचे रोग

पितृपक्षांत पिता, पितामह व प्रपितामह यांचीं नांवें गोत्रासह उच्चारण्याची चाल आपल्या घरोघरीं आहे. ज्यांचें छायाचित्रही घरांत नाहीं अशा पणजोबांचें नांव आपल्या मुलांच्या मुखीं असतें, ही गोष्ट आम्हांस नेहमींच अभिमानाची वाटत आली आहे. परंतु त्याच मुलास, "पणजोबा राहूं देत, तुझे आजोबा कशानें वारले?" असें विचारून पाहावें. उत्तर बहुधा ठरलेलें असतें: "म्हातारपणानें." फारच खोलांत शिरलें, तर एखादी वडीलधारी बाई दबल्या आवाजांत सांगते कीं, "त्यांना शेवटीं शेवटीं लघवीचा कांहींसा त्रास होता," आणि विषय तेथेंच संपतो. नांवें तीन पिढ्यांचीं पाठ, रोग मात्र एकाही पिढीचा ठाऊक नाहीं. या अज्ञानाची किंमत किती मोठी असूं शकते, हें आमच्या एका स्नेह्यांच्या निधनानें आम्हांस शिकविलें. म्हणून, विषय जरा संकोचाचा असला तरी, तो या महिन्यांत वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचे हे स्नेही गणिताचे शिक्षक होते. एकाच शाळेंत आम्हीं उभयतांनीं अठ्ठावीस वर्षें काढलीं. शिक्षकांच्या खोलींत आमच्या खुर्च्या शेजारीं शेजारीं असत. एके दिवशीं भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील भ्रमरांचें उदाहरण वर्गांत घालून ते आले आणि हातांवरील खडू झाडीत म्हणाले, "शास्त्रीबुवा, त्या कमळांत एकच भुंगा अडकला होता, आमचा तर अर्धा वर्ग अडकून पडला!" एखाद्या मुलास भोपळा मिळाला कीं त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "बाळ, शून्य हा आपल्याच देशाचा शोध आहे; पण तो तूं पुन्हां लावण्याची गरज नाहीं." पहांटे पांच वाजतां त्यांच्या ओसरीवर गरीब मुलांची शिकवणी भरे, तिचा पैसा त्यांनीं कधीं घेतला नाहीं. गृहस्थ मोठे हिशेबी. दुधाचा रतीब, विजेचें मीटर, चपलेला तळ कधीं लावला, सारें वहींत टिपलेलें. रात्रीं आपणांस किती वेळां उठावें लागतें, हा एक आंकडा मात्र त्यांनीं वहींतही लिहिला नाहीं आणि घरांतही कोणास सांगितला नाहीं.

वयाच्या ६६ व्या वर्षीं त्यांची कंबर दुखूं लागली. तेल झालें, शेक झाला, काढे झाले. वाताचा विकार म्हणून पांच-सहा महिने गेले. पुढें एका पायास मुंग्या येऊं लागल्या, तेव्हां मुलानें हट्टानें मोठ्या डॉक्टरांकडे नेलें. प्रोस्टेट नांवाच्या ग्रंथीचा कर्करोग मणक्यांच्या हाडांपर्यंत पोंचला होता. डॉक्टरांनीं विचारलें, "आपल्या वडिलांस किंवा भावांस असें कांहीं होतें काय?" शंभरापर्यंतचे वर्ग ज्यांच्या जिव्हाग्रीं, ते आमचे स्नेही या प्रश्नापुढें निरुत्तर झाले. मागाहून त्यांच्या वृद्ध आत्याबाईंकडून कळलें कीं, वडीलही अखेरच्या वर्षांत कंबरेनें अंथरुणास खिळले होते आणि लघवीसाठीं त्यांना नळी घालावी लागे. घरांत ही गोष्ट सर्व बायकांस ठाऊक होती. मुलांस ती कोणीं सांगितली नव्हती. वडिलांचा रोग हाच होता, असें आतां कोणी ठामपणें सांगूं शकणार नाहीं. परंतु मुलानें पन्नाशींतच सावध व्हावें, यास तेवढी खूण पुरेशी होती.

औषधानें त्यांस जवळजवळ दोन वर्षें मिळालीं. तो काळ त्यांनीं वायां घालविला नाहीं. धाकट्या बंधूंस व दोन्ही मुलांस त्यांनीं स्वहस्तें एकाच मजकुराचीं पत्रें लिहिलीं. त्यांतील एक वाक्य त्यांच्या चिरंजीवांनीं आम्हांस वाचून दाखविलें: "वडिलांनीं मजसाठीं घर ठेवलें, पण हें सांगून ठेवलें नाहीं, मी तुम्हांस सांगून ठेवीत आहें." बंधु तेव्हां ५८ वर्षांचे होते व त्यांस कसलीच तक्रार नव्हती. केवळ ज्येष्ठाची आज्ञा म्हणून त्यांनीं रक्त तपासविलें आणि रोग अगदीं आरंभावस्थेंत आढळला. ते आज प्रकृतीनें धडधाकट आहेत. आमचे स्नेही मात्र २०२१ सालच्या माघांत निवर्तले.

आतां हा अवयव कोणता, तें सांगतों. मूत्राशयाच्या खालीं, गुदमार्गाच्या पुढें, मूत्रमार्गाभोंवतीं वेटाळून बसलेली अक्रोडाएवढी ही ग्रंथि केवळ पुरुषांस असते. शुक्राचा द्रवांश कांहीं अंशीं तिच्यांत तयार होतो. सुश्रुताचार्यांनीं मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांत वाताष्ठीला नांवाचा एक आहे. मलमार्ग व मूत्राशय यांच्या मधल्या जागीं वायूमुळें दगडासारखी कठीण गांठ होऊन मूत्र अडतें, असें त्याचें वर्णन आहे. सुश्रुतांस कर्करोग कळला होता असा आमचा दावा नाहीं. परंतु ज्या जागेचें नांव काढण्यास आपण आज लाजतों, त्या जागेविषयीं आपल्या प्राचीन वैद्यांनीं कसलाही आडपडदा न ठेवतां लिहिलें आहे, एवढें ध्यानांत घ्यावें.

उतारवयांत ही ग्रंथि बहुतेक पुरुषांत वाढते. धार बारीक होणें, रात्रीं वारंवार उठावें लागणें, लघवी करूनही उरल्यासारखी वाटणें, हीं लक्षणें पुष्कळदां या साध्या वाढीचीं असतात; ती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. म्हणून लक्षणें दिसतांच घाबरूं नये. तथापि याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागांत, मूत्रमार्गापासून दूर उत्पन्न होतो, म्हणून आरंभीं तो कसलाच त्रास देत नाहीं. "मला कांहीं होत नाहीं, मग तपासूं कशाला?" हा युक्तिवाद इतर ठिकाणीं चालत असेल, येथें तो चालत नाहीं. हा रोग पसरूं लागला कीं हाडांकडे, विशेषतः मणके व कंबर यांकडे धांवतो, आणि आपण त्यास वात म्हणतों.

तपासणी म्हणाल तर साधी आहे. पी. एस. ए. नांवाचें एक प्रथिन ही ग्रंथि निर्माण करते. त्याचें रक्तांतील प्रमाण मोजतां येतें. त्यासाठीं उपाशी राहावें लागत नाहीं. जरूर वाटल्यास डॉक्टर हातमोजा घालून गुदमार्गांतून बोटानें ग्रंथि चाचपतात. तें अर्ध्या मिनिटाचें काम आहे. एक मिलिलिटर रक्तांत चार नॅनोग्रॅमपर्यंतचें प्रमाण पूर्वींपासून सामान्य मानीत आले आहेत, परंतु वयोमानानें हा आंकडा बदलतो. ग्रंथीची साधी वाढ, जंतुसंसर्ग यांनींही तो चढतो. उलट, वाढ कमी करण्यासाठीं कित्येक वृद्धांस फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड हीं औषधें देतात, त्यांनीं तो सुमारें निम्म्यावर येतो. म्हणून चालूं असलेलीं औषधें डॉक्टरांस अवश्य सांगावीं, आणि केवळ आंकडा पाहून घरांत रडारड किंवा पेढेवाटप करूं नये.

या तपासणीविषयीं वैद्यांमध्यें वाद आहे, तोही वाचकांपासून लपवीत नाहीं. अमेरिकेंतील शासननियुक्त तज्ज्ञमंडळानें २०१२ सालीं ती सरसकट करूं नये असें सांगितलें होतें. २०१८ सालीं त्याच मंडळानें मत बदलून, ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनीं डॉक्टरांशीं विचारविनिमय करून आपला निर्णय घ्यावा, आणि सत्तरीपुढें ती नित्याची म्हणून करूं नये, असा सल्ला दिला. वादाचें कारण असें कीं, या ग्रंथीचे कित्येक कर्करोग इतके मंदगति असतात कीं ते मनुष्यास आयुष्यभर इजा करीत नाहींत. अशा रोगावर शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार केल्यास लघवीवरचा ताबा जाणें, पुरुषत्व उणें होणें, असे उपद्रव पदरीं येतात. युरोपांतील आठ देशांत एक लक्ष बासष्ट हजारांहून अधिक पुरुषांवर चाललेल्या अभ्यासाचा २३ वर्षांचा निष्कर्ष २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. तपासणीस बोलाविलेल्या गटांत या रोगानें होणारे मृत्यु १३ टक्क्यांनीं कमी झाले. म्हणजे बोलाविलेल्या ४५६ पुरुषांमागें एक मृत्यु टळला. आमचे गणिती स्नेही म्हणाले असते, "आंकडा लहान आहे." खरें आहे, पण तो एक कोणाच्या तरी घरचा असतो.

शिवाय आतां रोग सांपडला म्हणजे लगेच चाकू, अशी स्थिति राहिलेली नाहीं. रक्तांतील प्रमाण चढलेलें दिसल्यास तें बहुधा पुन्हां मोजतात, मग एम. आर. आय. काढतात, आणि संशय उरल्यासच सुईनें तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. रोग मंद प्रकारचा ठरला तर ठराविक मुदतीनें तपासण्या करीत त्याजवर नुसती नजर ठेवतात. आमच्या स्नेह्यांच्या बंधूंवर आज हाच उपचार चालूं आहे. ब्रिटनमध्यें १६४३ रुग्णांचे तीन गट करून एकावर नजर ठेवली, दुसऱ्यावर शस्त्रक्रिया केली व तिसऱ्यास किरणोपचार दिला. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या १५ वर्षांच्या हिशेबांत तिन्ही गट मिळून या रोगानें दगावलेले सुमारें तीन टक्केच निघाले. पसरलेल्या रोगावरही उपाय आहेत. १९४१ सालीं, ज्या वर्षीं मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें त्याच वर्षीं, शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनीं पुरुषांतील अंतःस्राव रोखल्यास हा कर्करोग मागें हटतो असें दाखविलें. त्याबद्दल त्यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या स्नेह्यांस मिळालेलीं दोन वर्षें याच ज्ञानाचें फळ होय. परंतु आरंभीं पकडलेला रोग व हाडांत शिरलेला रोग, यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

तेव्हां करावें काय? पन्नाशी गांठलेल्या प्रत्येक पुरुषानें आपल्या डॉक्टरांकडे हा विषय स्वतः होऊन काढावा. ज्यांच्या पित्यास अथवा भावास हा रोग झाला आहे त्यांस धोका सुमारें दुप्पट असतो. त्यांनीं पंचेचाळिसाव्या वर्षींच विचारावें, आणि घरांत असे दोघे-तिघे असल्यास चाळिसाव्या वर्षीं. मातृकुळाचीही चौकशी करावी. स्त्रियांत स्तनाचा व बीजकोशाचा कर्करोग आणणारा बी. आर. सी. ए. २ हा आनुवंशिक दोष पुरुषांत या ग्रंथीचा कर्करोग आणतो. आईची बहीण किंवा आजी कशानें गेली, हें म्हणूनच मुलास ठाऊक हवें. सरकार आपली काळजी घेईल, असें या बाबतींत समजूं नये. २०१६ सालीं आंखलेल्या राष्ट्रीय तपासणी-योजनेंत मुखाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा असे तीनच कर्करोग घेतले आहेत.

आमच्या भगिनीवर्गास एक विनंति आहे. सासरे किंवा दीर रात्रीं कितीदां उठले, हें पुष्कळदां सुनांच्याच कानीं येतें. मर्यादेमुळें त्या बोलत नाहींत, आणि सुनेपुढें तें काढावयाचें कसें, म्हणून वडीलही बोलत नाहींत. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण पैशापुरती ठीक आहे. सासऱ्यांशीं बोलणें अवघड वाटल्यास सासूबाईंच्या कानांवर घालावें, पतीस सांगावें, नातवास पुढें करावें. आजोबा नातवाबरोबर डॉक्टरांकडे जाण्यास सहसा नाहीं म्हणत नाहींत. आणि वडीलधाऱ्यांनींही समजावें कीं, आपली लाज राखतांना आपण मुलांचा धोका झांकून ठेवीत असतों.

बहुतेक घरांतून वाडवडिलांच्या तिथी लिहिलेली एक वही असते. येत्या पितृपक्षांत घरचीं माणसें एकत्र जमतील, तेव्हां त्या वहींत प्रत्येक तिथीपुढें दोन नवे रकाने आंखावे: निधनसमयींचें वय व निधनाचें कारण. घरांतील वृद्ध स्त्रियांस जवळ बसवून, त्यांस जें आठवतें तें, अर्धवट असलें तरी, त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. ही माहिती त्यांच्यापाशींच आहे आणि ती फार दिवस राहावयाची नाहीं. आणि डॉक्टरांशीं बोलून ज्यांनीं रक्त तपासविलें असेल, त्यांनीं त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आपला आंकडा तारीख घालून स्वहस्तें लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या तपासणीच्या वेळीं तो चढला कीं तेवढाच राहिला, हें डॉक्टरांस दाखवितां येईल.