यंत्र आले, धनी कोण?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी पाव शतक वाट पाहावी लागली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचाही समावेश होता. गंभीर रुग्ण घेऊन नांदेड गाठण्याची सवय झालेल्या जिल्ह्याला ही घटना दिलासा देणारी आहे. मात्र नव्या रुग्णालयाच्या उभारणीत खाटा, औषधे, प्राध्यापक यांची चर्चा होते. रुग्णाची नोंद कोण सांभाळणार, हा प्रश्न संगणक खरेदीच्या निविदेत विरून जातो.

खरेदी म्हणजे व्यवस्थापन नव्हे, हा धडा महाराष्ट्राने किंमत मोजून घेतला आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे चाललेली संगणक प्रणाली जुलै २०२२ मध्ये कंत्राटाच्या वादातून बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिले जाऊ लागले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशातील अग्रगण्य रुग्णालयाला सुमारे दोन आठवडे कागदावर काम करावे लागले. एका अबाधित बॅकअप सर्व्हरमुळे तेथील माहिती परत मिळाली. पहिल्या घटनेत उणीव होती ती मालकीच्या स्पष्टतेची, दुसरीत तारून नेले ते दूरदृष्टीने.

हिंगोलीत हा प्रश्न केवळ कार्यालयीन नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी दूर जाणाऱ्या कुटुंबातील गर्भवतीची तपासणी एका जिल्ह्यात होते आणि प्रसूती दुसऱ्या. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक अशा भगिनीसाठीच आहे. परंतु तिचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, लसीकरण यांची नोंदच झाली नसेल, तर तो क्रमांक म्हणजे रिकाम्या कपाटाची किल्ली! एकच माहिती आधी रजिस्टरात आणि मग संगणकात भरणाऱ्या परिचारिकेवर दोष ढकलून हे कपाट भरणार नाही.

म्हणून काही गोष्टी आरंभीच ठरल्या पाहिजेत. प्रणालीसाठी एक उत्तरदायी अधिकारी असावा. कंत्राट संपले तरी सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात रुग्णालयाकडेच राहतील, हे करारात लिहिलेले असावे. बॅकअप घेतला जातो एवढ्यावर समाधान न मानता तो परत उघडून पाहण्याचा सराव व्हावा. वीज गेल्यास काम कसे चालेल, हे प्रत्येक विभागाला ठाऊक असावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण एकच पासवर्ड साऱ्या विभागाने वापरण्याची सवय कायद्याने नव्हे, शिस्तीने मोडते.

शासकीय रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्या बैठकांत रंगरंगोटी आणि पंख्यांबरोबर हे प्रश्नही विचारले जावेत, यासाठी जागरूक नागरिकांनी व कार्यकर्त्यांनी आग्रह धरला पाहिजे. रुग्णाची नोंद हा त्याने विश्वासाने सोपवलेला ठेवा आहे. तो जपणारा धनी आधी नेमावा; यंत्र मागाहून आले तरी चालेल.