नदीचें मूळ आणि इटलीची जत्रा

२०२५ सालच्या डिसेंबर महिन्यांत दिल्लीच्या लाल किल्ल्यांत युनेस्कोच्या समितीची बैठक भरली, आणि १० तारखेस दीपावलीची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशांत झाली. त्याच बैठकींत इटलीच्या पाककलेसही तोच मान मिळाला. ह्या दुसऱ्या निर्णयामागें इटलींत बरींच वर्षें एक वाद चालला आहे. वाद तेथल्या खेड्यांतील अन्नाचा आणि उत्सवांचा असला, तरी त्यांतली चूक आपल्याही घरची आहे; म्हणून वाचकांचें लक्ष आम्ही तिकडे मुद्दाम वेधूं इच्छितों.

वादाला बाजू दोन, आणि आमच्या मतें दोन्ही चुकीच्या. पहिली बाजू भाविकांची. इटलींत गांवोगांव 'साग्रा' भरते. हा शब्द 'पवित्र' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला असून, पूर्वीं तो देवळाच्या प्रतिष्ठेच्या उत्सवास लावीत. आतां साग्रा म्हणजे बहुधा एखाद्या पदार्थाच्या नांवानें भरणारी गांवची जत्रा: कोठें चेस्टनटची, कोठें अळंब्यांची, कोठें रानडुकराच्या मांसाची. भाविकांच्या लेखीं ह्यांतली प्रत्येक जत्रा रोमन काळापासून अखंड चालत आलेला कुळाचार आहे. दुसरी बाजू चिकित्सकांची. पार्मा विद्यापीठांतील प्राध्यापक आल्बेर्तो ग्रांदी ह्यांनीं २०१८ सालीं पुस्तक लिहून असें प्रतिपादन केलें कीं, इटलीचे म्हणून जगभर मिरविल्या जाणाऱ्या पुष्कळ पदार्थांस आजचें रूप दुसऱ्या महायुद्धानंतर आलें. संशोधन म्हणून त्याचें आम्ही स्वागतच करूं. परंतु त्याचा आधार घेऊन बोलणारे पुढें जाऊन म्हणतात, परंपरा जुनी नाहीं, सबब ती लबाडी आहे.

भाविक आणि चिकित्सक हे एकमेकांचे वैरी दिसतात खरे. पण दोघांचें प्रमेय एकच, कीं जें जुनें तेंच खरें. एक म्हणतो, जुनें आहे म्हणून वंद्य. दुसरा म्हणतो, जुनें नाहीं म्हणून निंद्य. आम्हांस हें प्रमेयच अमान्य आहे.

रोमजवळच्या आल्बान टेकड्यांवर मारीनो नांवाचें गांव आहे. तेथें ऑक्टोबरच्या आरंभीं द्राक्षांची साग्रा भरते, आणि चौकांतल्या कारंज्यांतून पाण्याऐवजीं द्राक्षासव वाहतें. पाहणाऱ्यास वाटावें, हा बॅकस देवाचाच उत्सव! वस्तुतः ही जत्रा लेओने चिप्रेल्ली ह्या कवीच्या पुढाकारानें १९२५ सालीं सुरू झाली. पुढें १९३० सालीं मुसोलिनीच्या सरकारनें द्राक्षांचा खप वाढावा म्हणून देशभर द्राक्षोत्सव ठरवून दिला. म्हणजे भाविकांच्या ह्या प्राचीन परंपरेंत कवीची हौस आहे आणि हुकूमशाहीचा डावही आहे. हें सांगितलेंच पाहिजे. परंतु हुकूमशहा १९४५ सालीं गेला, त्याचे फतवे गेले, आणि मारीनोची जत्रा राहिली. ती कोणाच्या हुकुमानें राहिली? ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्ही म्हणतों, खुशाल विचारावें. पण नदी डबक्यांतून निघाली असें कळलें, म्हणून खालच्या गांवांनीं पाणी प्यावयाचें सोडावें काय?

आणि ज्या जुन्या काळासाठीं भाविक उसासे टाकतात, तो काळ तरी कसा होता? एकोणिसाव्या शतकांत व्हेनेतो आणि लोंबार्दी प्रांतांतील गरीब शेतकरी मक्याच्या पिठाच्या पोलेंटावर दिवस काढीत. अमेरिकेंतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यांत शिजवीत; ती रीत मक्याबरोबर युरोपांत आली नाहीं, आणि म्हणून त्यांतील नायसिन हें जीवनसत्त्व अंगीं लागेना. मक्यावांचून दुसरें कांहीं न मिळणाऱ्यांस पेलाग्रा होई: कातडी सोलवटे, पोट बिघडे, आणि अखेरीस बुद्धिभ्रंश होऊन कित्येक वेड्यांच्या इस्पितळांत जात. दारिद्र्याला कंटाळून हजारों कुटुंबांनीं ब्राझीलची वाट धरली. आज त्याच पोलेंटाची जत्रा भरते. मोठमोठ्या कढयांत तो ढवळतात, आणि वर मांसाचा रस्सा किंवा चीज वाढतात. चिकित्सक हंसून विचारतो, "आजोबांनीं हें असें कधीं खाल्लें होतें काय?" नव्हतें खाल्लें, म्हणूनच तर नातू हात सैल सोडून वाढतो आहे! उपाशी माणसाचें अन्न मेजवानीचें झालें, ह्यांत लबाडी कोठें आली? त्या भुकेची आठवण पुसून तिला 'सोन्याचे दिवस' म्हणणें, ही मात्र लबाडी खरी.

मग जत्रेचें खरेपण कशांत? आब्रुत्सो प्रांतांत व्हिल्लाव्हाल्लेलोंगा नांवाचें डोंगरी खेडें आहे. संत अँथनीच्या सणानिमित्त १६ जानेवारीच्या रात्रीं तेथील कांहीं घराण्यांत 'पानार्दा' मांडतात, आणि एकामागून एक पदार्थ रात्रभर येत राहतात. दंतकथा अशी कीं, आई पाण्याला गेली असतां लांडग्यानें तिचें तान्हें मूल पळविलें. तिनें संताचा धांवा केला. मूल सुखरूप परत मिळालें. आणि तिनें जेवण घालण्याचा नवस केला. लांडगा दंतकथेंतला असेल, पण नवस दरवर्षीं खराखुरा फेडला जातो. आमच्या मतें परंपरा म्हणतात ती हीच: पिढीनें पिढीच्या अंगावर टाकलेलें आणि तिनें आपखुशीनें पत्करलेलें ऋण.

कोणी म्हणेल, अशानें वाटेल त्या बाजाराला तुम्ही जत्रा म्हणाल. मुळींच नाहीं. समुद्रापासून दूरच्या गांवांत गोठविलेली मासळी तळून जो नुसता धंदा चालतो, त्याविरुद्ध तेथील खाणावळवाल्यांची ओरड रास्तच आहे. उंब्रिया प्रांतानें तर २०१५ सालीं साग्रांसाठीं कायदाच केला. आमची कसोटी साधी आहे. चुलीपाशीं कोण उभें आहे, वाढतो कोण, आणि उरलेला पैसा जातो कोठें? 'प्रो लोको' नांवाच्या गांवमंडळींतून शिक्षिका, गवंडी, पेन्शनर विनामोबदला राबत असतील, आणि शिल्लक गांवाच्याच कामीं पडत असेल, तर ती जत्रा कालची असली तरी खरी.

हा नुसता शब्दच्छल असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. आपेनाइन पर्वतांतील खेडीं ओस पडत आहेत. अर्धेलीच्या नव्या करारांस १९६४ सालच्या कायद्यानें बंदी घातली. पण त्यापूर्वींच तरुण मंडळी कारखान्यांकडे निघालीं होतीं. आज शहरांत गेलेलीं मुलें वर्षांतून ज्या एकदोन दिवशीं घरीं परततात, ते दिवस जत्रेचे. २०१७ सालच्या जूनमध्यें ट्यूरिनच्या चौकांत चेंगराचेंगरी झाली, आणि सार्वजनिक उत्सवांचे नियम कडक झाले. नियम हवेच होते. परंतु शहरी गर्दीच्या मापानें बेतलेला खर्च मूठभर वस्तीच्या गांवास कसा पेलावा? कित्येक लहान जत्रा त्यापायीं बंद पडल्या. अशा गांवास भाविकाची ओवाळणी नको आणि चिकित्सकाची उलटतपासणीही नको. त्याला चार हात हवे आहेत.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ कुटुंबें हल्लीं इटलीस जाऊन रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस पाहून येतात. त्यांनीं एखादी संध्याकाळ अशा मांडवांतील बांकावर अवश्य घालवावी. तेथें "हें किती जुनें?" असें न विचारतां "हें कोणीं केलें?" असें विचारावें. आणि परत आल्यावर तोच प्रश्न आपल्या फराळाच्या ताटालाही करावा. दिवाळीला आतां जगाचा दाखला मिळाला आहे. पण दाखल्यानें चकली तळली जात नाहीं.