घरचा पाठ आणि परके पान

धर्मनिष्ठ घरातल्या मुलाला साहित्य कसे शिकवावे, हा प्रश्न वरकरणी त्या घरापुरताच वाटतो. मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या, म्हणजे होमस्कूलिंग करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत तो आज विशेष टोकदार झालेला आहे. ही चळवळ मुख्यतः अमेरिकेत वाढली. तेथे १९९३ पर्यंत सर्व राज्यांत घरशिक्षण कायदेशीर ठरले आणि त्यासाठी झटणाऱ्यांत, श्रद्धेच्या कारणाने शाळा नाकारणाऱ्या ख्रिस्ती पालकांचा वाटा मोठा होता. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. तरीही हा मार्ग पत्करणारे पालक महाराष्ट्रात आहेत. मूल दहावीच्या वयाचे झाले की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा किंवा राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज, अशा वाटा त्यांच्यापुढे असतात. गणित-भूगोल आईवडील कसेबसे निभावून नेतात. इंग्रजी साहित्यासाठी मात्र शिक्षक पडद्यावर शोधावा लागतो. हा शिक्षक धाराशिवात बसलेला असू शकतो आणि त्याचा विद्यार्थी वसईत, पुण्यात किंवा थेट टेक्सासमध्ये.

अशा शिक्षकाने कोणती पुस्तके निवडावीत? घराला मान्य असतील तेवढीच पुस्तके शिकवायची म्हटले, तर साहित्य शिकवले असे म्हणता येणार नाही. घराच्या श्रद्धेला डिवचण्यासाठी पुस्तके निवडली, तर शिकवण्याचा अधिकारच उरत नाही. या दोहोंमधून जाणारी वाट अरुंद आहे. पण मराठीच्या अभ्यासकाला ती अपरिचित असू नये, कारण आपल्या वाङ्मयेतिहासात ती एकाहून अधिक वेळा तुडवली गेली आहे.

प्रथम पालकांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. आमच्यासारखे अध्यापक घरशिक्षणाकडे संशयाने पाहतात, परंतु शाळा-महाविद्यालयांत इंग्रजी साहित्याचे आपण काय केले आहे? कविता वर्गात वाचली जाते ती तिच्याखालच्या प्रश्नांसाठी. मध्यवर्ती कल्पना गाईडमधून येते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच पुरतो. एखाद्या पालकाने हे पाहून आपले मूल घरी ठेवले, तर त्याला दोष देणे कठीण आहे. शिवाय ज्या घरात रोज मोठ्याने बायबल वाचले जाते, त्या घरातले मूल इंग्रजी साहित्याच्या वर्गात रिकाम्या हाताने येत नाही. मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' किंवा बन्यनचे 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' शिकवताना आपल्या विद्यार्थ्यांना टिपांचा डोंगर द्यावा लागतो. या मुलाला दाखले आधीच ठाऊक असतात. बन्यनचे हे पुस्तक हरि केशवजींनी 'यात्रिक क्रमण' या नावाने १८४१ मध्येच मराठीत आणले होते, हे येथे आठवावे. श्रद्धा ही साहित्यवाचनातली अडचणच असते, हा आपला सोयीस्कर समज आहे.

अडचण येते ती पुढच्या पायरीवर, पुस्तकांची यादी ठरवताना. चेटकिणी आहेत म्हणून 'मॅकबेथ' नको, धर्मोपदेशकाचे पाप आहे म्हणून हॉथॉर्नचे 'द स्कार्लेट लेटर' नको, असे करत करत शेवटी बोधकथांचा संग्रह हाती उरतो. जुने काढून घेऊन त्या जागी निर्धोक असे नवे द्यायचे, हा विचार काही नवा नाही. इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने सासष्टीच्या नवख्रिस्ती लोकांसाठी 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण प्रश्न विचारतो : आमची आधीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्याजागी दुसरे पुराण का देत नाही? वाचनाची भूक धर्मांतराने मिटत नाही, हे या प्रश्नातून उघड होते. परंतु त्याचे उत्तर देताना स्टीफन्सला जे करावे लागले, ते अधिक बोलके आहे. कथा बायबलची असली तरी छंद ओवीचा, भाषा मराठी आणि घाट पुराणाचा. ज्या परंपरेपासून वाचकाला दूर ठेवायचे, तिच्याकडूनच स्टीफन्सने सुमारे ११,००० ओव्यांचे सामर्थ्य उसने घेतले. पूर्णपणे आपल्याच घरचे असे साहित्य तयार करता येत नाही, याचा याहून जुना मराठी पुरावा शोधायची गरज नाही.

दुसरा पुरावा पंडिता रमाबाईंचा. ज्या ख्रिस्ती घरांत रमाबाईंचे नाव आदराने घेतले जाते, त्यांच्यासाठी तर तो आतलाच आहे. रमाबाई (१८५८-१९२२) शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माऊलीने भल्या पहाटे उठवून मुलीला. घरशिक्षणाचे इतके तेजस्वी उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल. पण रमाबाईंच्या १९०७ च्या इंग्रजी आत्मनिवेदनात या शिक्षणाची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. मुलांनी काटेकोर धर्मनिष्ठ राहावे म्हणून आईवडिलांनी त्यांना बाहेरच्या जगाच्या संपर्कापासून दूर ठेवले होते. संस्कृतखेरीज दुसरी भाषा शिकण्याचा विषयच नव्हता. लौकिक विद्येने मोक्षाची वाट चुकेल, अशी धास्ती होती. आज टेक्सासमधला एखादा पालक आपल्या मुलाच्या पाठ्यक्रमाविषयी जे बोलतो, ते गंगामुळाच्या अरण्यात राहणाऱ्या या वैदिक ब्राह्मण कुटुंबाच्या भाषेत आधीच बोलले गेले आहे. धर्म वेगळा असला तरी भीती तीच.

पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी रमाबाईंच्या हाती वेदांची प्रत दिली. स्त्रीने जे वाचू नये असे घरच्या पाठाने सांगितले होते, तेच पान त्यांच्यासमोर उघडले. त्यानंतर इंग्लंड, १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक. येथे कोणी म्हणेल, पाहा, परके पान उघडले आणि मुलगी घरच्या धर्मातून गेली. पालकांची भीती खरीच ठरली. हा आक्षेप टाळून चालणार नाही. त्याला उत्तर असे, की रमाबाईंनी नवे घरही डोळे मिटून स्वीकारले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार, ए. बी. शाह यांच्या संपादनाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने आला, तो वाचावा. एका पुरोहितवर्गाचे जू झुगारल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असा त्या पत्रांचा सूर आहे. तरीही अखेरपर्यंत त्या ख्रिस्तीच राहिल्या आणि आयुष्याच्या शेवटी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करून गेल्या. स्वतः वाचून, वाद घालून टिकवलेली श्रद्धा ही जपून ठेवलेल्या श्रद्धेहून दुबळी असते, असे रमाबाईंकडे पाहून कोणाला म्हणता येईल?

म्हणून अशा विद्यार्थ्यापुढे शिक्षकाने श्रद्धेच्या आतून प्रश्न विचारणारी पुस्तके ठेवावीत, असे आमचे मत आहे. मार्क ट्वेनच्या कादंबरीतला हकलबरी फिन पळालेल्या गुलामाचा ठावठिकाणा कळवणारे पत्र लिहितो आणि मग फाडून टाकतो. आपण पाप करत आहोत आणि नरकात जाणार, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, कारण त्याला धर्म म्हणून तेच शिकवले गेले आहे. हा प्रसंग नास्तिक विद्यार्थ्याला मौजेचा वाटेल. ख्रिस्ती विद्यार्थ्याला मात्र तो अस्वस्थ करील, आणि म्हणूनच त्याचा खरा वाचक तो आहे. त्याच यादीत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शांता गोखले यांच्या २०१७ च्या इंग्रजी अनुवादातून यावीत. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळातले वियोगाचे दुःख, सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांशी मनात चाललेले भांडण आणि या सगळ्यावर स्वतःलाच हसण्याची त्यांची रीत, हे सारे इंग्रजीतून वाचणाऱ्या मराठी ख्रिस्ती मुलाला आपले पूर्वज नव्याने भेटवील. अमेरिकी मुलाला तर ख्रिस्ती असण्याचा एक अनोळखी प्रकारच दाखवील.

राहिला पडदा. मार्च २०२० नंतर आपण सर्वांनीच या वर्गाचा अनुभव घेतला. आपल्या जिल्ह्यात घरात एकच मोबाईल, तोही वडिलांचा. रेंजसाठी गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर बसलेले विद्यार्थी आपण पाहिले. त्या काळात एक गोष्ट ध्यानात आली : घरातून बोलणारा विद्यार्थी एकट्या शिक्षकाशी बोलत नसतो. शेजारी भाजी निवडणारी आई असते, दाराआड वडील असतात. उत्तर त्यांच्या कानांसाठीही तयार होते. वर्गातल्या मागच्या बाकावर जी कुजबुज चालते, तिच्यात पुष्कळदा पहिले स्वतंत्र मत जन्माला येते. पडद्याला मागचा बाक नसतो. घरशिक्षणातल्या मुलाची तर सारी शाळा याच खोलीत असते.

यावर उपाय चोरीचा नसावा. पालकांना अंधारात ठेवून पुस्तक शिकवणे हा विश्वासघात होईल आणि मुलालाही त्यातून लबाडीचाच धडा मिळेल. पुस्तकांची यादी कारणांसह आधी पालकांपुढे ठेवावी. त्यांच्या आक्षेपांवर मोकळेपणाने बोलावे, त्यांना वाटले तर पुस्तक त्यांनीही वाचावे. मात्र एक अट असावी : मुलाने लिहिलेले टिपण आधी शिक्षकाकडे येईल आणि त्यातल्या मताला गुण नसतील, मताच्या आधाराला असतील. पात्र बोलते ते लेखकाचे मत नव्हे आणि लेखकाचे मत ते वाचकाचे नव्हे, एवढा भेद मुलाच्या अंगवळणी पडला तरी निम्मे काम झाले.

हे सारे ख्रिस्ती घरांना उद्देशून लिहिले, असा समज मात्र होऊ नये. जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, भरले. अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. 'सुबोध बायबल' लिहिणारा, वसईच्या मातीतला हा मराठी लेखक. तरीही ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्याच कारणाने त्यांच्या निवडीला काही संघटनांनी विरोध केला होता. मराठीच्या मोठ्या घरालाही आपलीच पुस्तके, आपलीच माणसे हवीशी वाटतात, हे त्या विरोधाने दाखवले. संमेलन झाले, फादर बोलले, लोकांनी ऐकले आणि मराठीचे काही बिघडले नाही. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. त्या संमेलनापासून आपण काय शिकलो, हे आपापल्या वर्गातल्या पुस्तकांच्या यादीकडे पाहून प्रत्येक अध्यापकाने ठरवावे. आपल्या यादीत 'ख्रिस्तपुराण' परीक्षेपुरतेच असेल आणि 'स्मृतिचित्रे'तून धर्मांतराचा भाग गाळूनच उतारा निवडला जात असेल, तर टेक्सासच्या पालकाला आपण कोणत्या तोंडाने शिकवणार?

याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वश्रुत आहे. संतमेळ्यात त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि विठ्ठलाच्या लाडक्या नामदेवाचे मडके कच्चे निघाले. नामदेवाची भक्ती खोटी नव्हती. तिला गुरू भेटायचा होता. तो भेटला विसोबा खेचरांच्या रूपाने, पंढरपूरच्या अंगणाबाहेर. घरात शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला इंग्रजीच्या तासाला येणारे परके पुस्तक हे तेच काम करते. ते निवडताना शिक्षकाने घाबरू नये आणि थापटणे हातात असताना हात हलका ठेवावा.