आपण घरमालक झालो

डोंबिवलीत, ठाण्यात, कल्याणात ज्यांनी राहता फ्लॅट घेतला आणि पुढे गुंतवणूक म्हणून दुसराही, अशा कित्येक मराठी कुटुंबांचे मूळ गिरगाव-परळच्या चाळींत सापडते. त्या खोल्यांची भाडी 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने 1940च्या पातळीला बांधून ठेवली होती. त्या जुजबी भाड्याच्या जोरावर आपले वडील शिकले, आत्यांची लग्ने झाली आणि डोंबिवलीच्या जागेसाठी चार पैसे मागे पडले. त्याच कायद्याने चाळमालक आणि चाळी दोन्ही खंगल्या, हेही खरेच. पण भाडेकरू म्हणून मिळालेल्या आश्रयावर वाढलेले आपण, मालक होताच तो आश्रय विसरलो. अकरा महिन्यांचा करार, तगडे डिपॉझिट, दलालाला एका महिन्याचे भाडे आणि मुदत सरताच दहा टक्के वाढ. समोरच्याचा पगार तेवढा वाढला का, हे विचारण्याची रीत नाही. परवडत नसेल तर त्याने बिऱ्हाड हलवावे, मुलांची शाळा बदलावी. याला आपण व्यवहार म्हणतो.

या व्यवहारातला सर्वांत जड आकार मात्र करारात लिहिलेला नसतो. जागेसाठी फोन आला की आपण आधी आडनाव विचारतो. त्यावरून जात उमगली नाही तर गाव, तेवढ्यानेही भागले नाही तर ‘घरात मांस-मच्छी शिजते का?’ दलित, मुसलमान, एकटी राहणारी बाई यांना उत्तर ठरलेले: ‘जागा कालच गेली.’ सोसायटीच्या इतिवृत्तात असा ठराव सापडणार नाही. दलालाला तो न सांगता कळतो. बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना, हे वाचून आपल्याला गहिवरून येते, आणि तेच आपण दलालाला चौकशी करायला लावतो. दहा दारे बंद झालेला माणूस अकराव्या दारी मागतील ते भाडे देतो. तेही झेपले नाही तर बेकायदा इमारतीत शिरतो. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याला तशी एक इमारत कोसळून 74 माणसे दगावली. आपण बिल्डरला आणि पालिकेला दोष दिला, तो रास्तच होता. पण असल्या इमारतीत बिऱ्हाड थाटण्याची पाळी माणसावर का येते, हा प्रश्न कुठल्या सोसायटीच्या सभेत निघाला?

ही चौकशी कोणत्याही कायद्याने आपल्यावर लादलेली नाही. ती आपण सुरू केली, आपणच थांबवणार आहोत. ‘आडनाव विचारू नका, यंदा भाडेवाढही नको,’ एवढे दलालाला आजच कळवता येईल.