फुकटचं ऊन

अमेरिकेत एमएसला जाणारे आपले सीनियर्स अपार्टमेंट शोधायला लागले की सुविधांची यादी समोर येते. जिम, स्विमिंग पूल, पार्किंग, आणि कधीकधी 'टॅनिंग बेड'. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तिथल्या 125 नामवंत कॉलेजांपैकी 48 टक्के ठिकाणी कॅम्पसवर किंवा बाहेरच्या विद्यार्थी-वसाहतींत ही सोय आढळली होती. वसाहतींत तर ती बहुतेक फुकटच. आणि फुकट म्हटल्यावर होस्टेलवाल्यांचं काय होतं, ते सांगायला नकोच!

इकडे आपण गोरं व्हायच्या क्रीमवर पैसे घालवतो आणि तिकडचे गोरे रापायला मशीनमध्ये झोपतात, हा विनोद सगळ्यांनाच सुचतो. तो सोडून देऊ. माझं भांडण आहे ते "जपून वापरलं तर काय बिघडतं?" या वाक्याशी. स्पावाले हेच सांगतात: गॉगल लावा, टायमर पाळा, रोज येऊ नका. सल्ला खोटा नाही. नुसते डोळे मिटून भागत नाही, गॉगल हवाच. पण हा टायमर मोजतो काय? कातडी लाल होऊन भाजू नये, एवढंच तो बघतो. पेशींतल्या डीएनएला धक्का भाजण्याच्या आधीच बसलेला असतो, आणि रंग गडद होणं ही त्या धक्क्यावरची शरीराची प्रतिक्रिया. फ्यूज उडाला नाही म्हणजे वायरिंग ठणठणीत, असं कुठला इलेक्ट्रिकलवाला म्हणेल?

2009 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही यंत्रं पहिल्या गटात टाकली. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. (हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. वादात गफलत करू नका.) त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांचा वापर बंद केला. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनीही 2015 च्या सुमारास धंदेवाईक सोलॅरियमना टाळं लावलं. अमेरिकेत 2014 पासून 18 वर्षांखालच्यांनी वापरू नये असा इशारा यंत्रावर लावावा लागतो. आपण बाविशीचे, म्हणून सुटलो असं मात्र नाही. पस्तिशीच्या आत सुरुवात केलेल्यांत मेलॅनोमाचा धोका वाढलेला दिसतो.

"आपण सावळे, आपल्याला काय होतंय?" हे अर्धंच खरं. सावळ्या कातडीत हा कॅन्सर कमी आढळतो, पण होतच नाही असं नाही. आणि काळे डाग पडायला आपली कातडी उलट जास्तच तयार. त्यात पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर कातडी आणखी लवकर भाजते. गोळीच्या पाकिटातला कागद वाचतो कोण?

राहता राहिला हिवाळ्यातला व्हिटॅमिन डीचा मुद्दा. ते बनायला यूव्हीबी लागतं, आणि बेडचे दिवे मुख्यतः यूव्हीए फेकतात. रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढी गोळी घ्या, झालं.

कुणाला लग्नासमारंभापुरता रंगच हवा असेल तर स्प्रे टॅन आहे. त्यातलं डायहायड्रॉक्सीअॅसिटोन वरच्या मेलेल्या थरालाच रंगवतं, आठवड्याभरात उतरतं. फक्त ते डोळ्यांत, नाकातोंडात जाऊ देऊ नये. आणि त्याने उन्हापासून संरक्षण मिळत नाही, तेव्हा सनस्क्रीन वेगळं लावावंच लागतं. अपार्टमेंटच्या यादीत मात्र हे फुकट मिळाल्याचं ऐकिवात नाही.