भट्टीच्या मीटरबाहेरचा धूर

कोल्हापूरच्या ओतकामाच्या धंद्यातील प्रदूषणाची चर्चा क्युपोलाच्या धुराड्यापाशी सुरू होते आणि विजेच्या भट्टीपाशी संपते. कोक जाळणारा क्युपोला गेला, इंडक्शन भट्टी आली, छपरावर सौर पॅनेल चढले, म्हणजे प्रश्न मिटला, असे मानण्याची प्रथाच पडली आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ज्या कारखानदारांनी हा बदल केला, ते प्रशंसेस पात्र आहेत. परंतु या हिशेबात भट्टीत पडणाऱ्या एका पदार्थाची नोंदच नसते. तो पदार्थ म्हणजे सिलिकॉन.

बिडात साधारण दोन टक्के सिलिकॉन लागते. ते नसेल तर बिडातील कार्बन ग्राफाइटच्या रूपाने सुटा होत नाही, लोखंडाशी संयोग पावतो, आणि ओतीव इतके कठीण व ठिसूळ होते की लेथवर त्याला हत्यार लागत नाही. कच्च्या बिडाबरोबर हे सिलिकॉन आपोआप येते. पोलादी भंगारात मात्र ते नाममात्रच असते. म्हणून भंगारावर चालणाऱ्या भट्टीत ती उणीव फेरोसिलिकॉनने भरून काढावी लागते.

वास्तविक सिलिकॉन काही दुर्मीळ नाही. सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरातून घाट चढून येणारी साच्याची वाळू म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचाच संयोग. भुदरगड तालुक्याच्या गावाशी जिचे नाव जुळते ती गारगोटीही तीच. पण या दगडातून ऑक्सिजन सोडवायचा तर प्रचंड उष्णता आणि कोळसा दोन्ही लागतात, आणि सुटलेला ऑक्सिजन कोळशातील कार्बन घेऊन शेवटी कार्बन डायऑक्साइड बनून हवेत जातो. पंचाहत्तर टक्क्यांचे एक टन फेरोसिलिकॉन करण्यास आठ ते नऊ हजार युनिट वीज खर्ची पडते. शिवाय भट्टीतूनच सुमारे ४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. निव्वळ पोलादी भंगारापासून एक टन बीड करावयाचे तर असे पंचवीसएक किलो फेरोसिलिकॉन लागेल. म्हणजे वितळण्यासाठी कोल्हापुरातील मीटरवर सहाशेच्या आसपास युनिट पडतात, तेव्हा दूर कुठे तरी आणखी दोनशेवर युनिट आधीच जळालेली असतात आणि शंभर किलो वायू हवेत मिसळलेला असतो.

हे ‘दूर कुठे तरी’ म्हणजे बव्हंशी मेघालय आणि भूतान. भूतानातील वीज पाण्याची आहे. मात्र हिवाळ्यात नद्या रोडावल्या की तो देशही भारताकडून वीज घेतो. आसाम-मेघालय सीमेवरील बर्निहाट या फेरोअलॉयच्या गावाची हवा २०२४ सालच्या एका जागतिक पाहणीत सर्वांत दूषित ठरली. या दोषाचे सारे खापर एका पदार्थावर फोडणे अन्यायाचे होईल. पण तो वाटा कुणी मोजतही नाही.

युरोपचा धाकही येथे उपयोगी पडणार नाही. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाचा सीमेवरील कार्बन-आकार प्रत्यक्ष लागू झाला खरा, पण २०२३ च्या मूळ नियमाने फेरोसिलिकॉन यादीतून वगळले होते. केवळ कर चुकविण्यापुरता कार्बन मोजणाऱ्याला ते दिसणारच नाही. सौर पॅनेलातही सिलिकॉन आहे, हा आक्षेप मात्र तकलादू आहे: पॅनेल आपल्या निर्मितीची वीज थोड्याच वर्षांत परत करते, बिडात विरघळलेले फेरोसिलिकॉन काहीच परत करीत नाही.

मग कच्च्या बिडाकडे परतावे काय? तेही कोकवरच तयार होते. त्यापेक्षा जुन्या इंजिनांचे, पंपांचे बिडाचे भंगार अधिक मोलाचे, कारण त्यातील सिलिकॉनची किंमत पूर्वीच मोजलेली आहे. ते पोलादी भंगारात मिसळू न देता वेगळे विकत घेणे हा स्वस्त उपाय. उरलेल्या खरेदीचे काय, हा खरा प्रश्न. चार पोती घेणारा उद्यमनगरातील लहान कारखानदार विक्रेत्याला जाब विचारू शकत नाही. पण ज्या जिल्ह्याने ऊस आणि दूध सहकाराने विकून दाखविले, तेथील कारखानदारांच्या संघटनांना एकत्र खरेदी अशक्य नसावी. मालाबरोबर येणाऱ्या दाखल्यावर सिलिकॉन किती, ॲल्युमिनियम किती, हे लिहिलेले असते. कोणत्या विजेवर आणि कोणत्या कोळशावर हा माल तयार झाला, ही एक ओळ त्यात वाढवा, एवढी अट मोठ्या खरेदीदाराला घालता येते.